तेलरंगातलं बंदर आणि कळमन्याचा मुकादम

चाळीस वर्षं मी नागपूरकरांच्या भिंती सजवल्या आणि माझ्या स्वतःच्या बैठकीत एक कॅलेंडर आहे, तेही मागच्या वर्षीचं. बायकोनं याबद्दल बोलणं आता सोडून दिलं आहे. मी फ्रेमवाला. महालातल्या ज्या बोळात आमचं दुकान आहे, तिथे स्कूटर घातली तर काढताना उलटीच काढावी लागते. दुकान आधी बाबांचं होतं, मग माझं झालं, आता मुलाचं आहे. मुलगा लग्नाचे फोटो कापडावर छापून देतो आणि मी सकाळी दोन तास जाऊन त्याच्या कामात खोड्या काढतो. त्याला ते आवडत नाही, पण चहा तो मागवतो.

या अंकाच्या संपादकबाई आमच्या गिऱ्हाईक. त्या म्हणाल्या, धंद्याच्या गोष्टी लिहून द्या. मी म्हणालो, आम्ही फक्त फ्रेमच्या पाठीवर लिहितो, तेही पेन्सिलीनं, आणि ते कोणी वाचू नये म्हणून वर खाकी कागद चिकटवतो. त्यांना ते फार मजेशीर वाटलं. त्यात मजेशीर काही नव्हतं, ते पुढे कळेलच.

फ्रेमवाल्याकडे माणूस चित्र घेऊन येतो आणि बोलतो सोफ्याबद्दल. सोफा मरून आहे, पट्टी मरून लावा. एक गृहस्थ स्वतःचाच फोटो मोठा करून घेऊन आले होते, हाराचा खिळा आधीच ठोकून पाहिजे म्हणाले. म्हटलं, इतकी काय घाई? तर म्हणे, मागाहून पोट्टे कोणता पण फोटो लावतात, मोठ्या भावाचा त्यांनी आधार कार्डावरचा लावला. मी खिळा ठोकून दिला. गृहस्थ अजून ठणठणीत आहेत, दर दसऱ्याला काच पुसून घ्यायला येतात. एका बाईंनी लग्नाचा फोटो आणला आणि नवऱ्याच्या बाजूनं जाड माउंट टाका म्हणाल्या. माउंट म्हणजे चित्राभोवती ठेवतो तो पुठ्ठ्याचा पांढरा काठ. मी विचारलं, किती जाड? त्या म्हणाल्या, तो दिसू नये एवढा. दिला टाकून.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फ्रेमच्या पट्टीला आतल्या कडेनं एक खाच असते. चित्र, काच, मागचा पुठ्ठा सगळं त्या खाचेत बसतं. म्हणून पट्टी कापताना माप खाचेचं धरायचं, बाहेरच्या कडेचं नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात, आणि तरी प्रत्येक फ्रेमवाला जन्मात एकदा बाहेरचं माप धरतो. पट्टी तीन इंच रुंद असली तर आतली जागा पाच इंचांनी आखूड होते. लाकूड कापता येतं, ओढून लांब करता येत नाही. मग पट्टी कचऱ्यात, आणि बाबांच्या शिव्या.

गेल्या वर्षी, पाऊस ओसरला होता तेव्हा, एका सोमवारी मेश्राम मॅडम आल्या. पंचाहत्तरीच्या आत-बाहेर, मनीषनगरात एकट्या राहणाऱ्या, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सोबत मुलगा निखिल, पुण्याहून आलेला. दोघांनी मिळून चादरीत गुंडाळलेलं एक भलंमोठं चित्र आणलं होतं. चार फूट लांब, दोन फुटांच्या वर उंच, तेलरंगातलं, सोनेरी फ्रेमचं. धुरानं आणि जुन्या रोगणानं कडक चहाचा रंग आला होता त्याला.

चित्र कुठल्या तरी मोठ्या नदीवरच्या बंदराचं. डोलकाठ्याच डोलकाठ्या, एक धूर सोडणारी आगबोट, घाटावर गोदामं, छत्र्या, बैलगाड्या, आणि पोती वाहणारी माणसं. कोणी काढलं, कुठली नदी, काही पत्ता नाही. सही नाही. मॅडमचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे मजूर, होते. एक साहेब बंगला मोकळा करून विलायतेला गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी हे घेतलं. सारी वस्ती हसली म्हणे. नागपुरात नदी म्हणजे नाग नदी, तिच्यात कागदाची नाव सोडली तर ती चिखलात रुतते, आणि हा माणूस घरात बंदर घेऊन आला. पण त्याच सुमारास त्यांच्या घरानं दीक्षा घेतली होती, देवांच्या तसबिरी उतरल्या होत्या आणि भिंती मोकळ्या झाल्या होत्या. एका भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली, समोरच्या भिंतीवर हे बंदर. सहा वर्षांची सुशीला, म्हणजे आताच्या मॅडम, त्याच्याखाली अभ्यासाला बसायची. भूगोलाचं खूळ तिथूनच लागलं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चित्राच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"भाऊ, इथे एक नाव होती. नावेत एक माणूस बसला होता, पाय पाण्यात सोडून. माझे वडील म्हणायचे, हा मी, ड्युटी सुटल्यावरचा. आता तो दिसत नाही. हा म्हणतो कधी नव्हताच. तुम्ही दिवा लावून नीट बघा, काळवंडून आत गेला असेल."

निखिल आईसोबत बाहेर गेला. आईला रिक्षात बसवून तो परत आत आला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. चित्र आजोबांनंतर मामाकडे होतं, मामा गेल्यावर वीसेक वर्षांपूर्वी आईकडे आलं, काळवंडलेलंच, कोणी जवळून पाहिलं नाही. या उन्हाळ्यात आईनं नातीला त्या नावेतल्या माणसाची गोष्ट सांगितली, नात चित्राजवळ गेली आणि म्हणाली, आजी, इथे कोणीच नाही. तेव्हापासून आई रोज त्या चित्रापुढे उभी राहते. शेजारणीनं दोनदा गॅस चालू पाहिला होता, आई म्हणते तिनं नव्हता ठेवला, शेजारणच खोटारडी. डॉक्टर म्हणाले सुरुवात असू शकते. रविवारची विमानाची दोन तिकिटं काढली आहेत. आईला पुण्याला नेतो, फ्लॅट बंद करतो. आई म्हणते, तो माणूस सापडला नाही तर मी आपण होऊन येते, तुला भांडावं लागणार नाही.

"काका, तुम्ही सांगितलं की तिथे कोणी नाही, तर ती मानेल," तो म्हणाला. "मी सांगितलं की तिला वाटतं मी तिला वेडी ठरवून राहिलो."

त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा राग येईना. मी म्हणालो, शनिवारी या दोघं, सांगतो. म्हणजे बघा, जन्मभर चार पट्ट्या जोडणाऱ्या माणसाला एका शिकल्यासवरल्या बाईच्या डोक्याचा निकाल द्यायला बसवलं.

माझा मुलगा म्हणाला, बाबा, बटाटा कापून फिरवा ना त्याच्यावरून. आमच्या धंद्यातला हा जुना उपाय आहे, आणि आता मला कळतं की किती चित्रांचं त्यानं वाटोळं झालं. मी मऊ ब्रशनं नुसती धूळ काढली आणि दिवा तिरपा धरून बसलो. खरं सांगतो, तोवर मी चित्रांच्या फक्त कडा पाहिल्या होत्या. मधे काय आहे याच्याशी फ्रेमवाल्याला काय करायचं? आता त्या माणसाला शोधायचं म्हणून मी पहिल्यांदा एक चित्र इकडून तिकडे पाहिलं. आणि काय सांगू, उठवेना. आगबोटीचा धूर डावीकडे जातो, तर सगळ्या निशाणांची टोकंही डावीकडे, आणि घाटावरच्या एका बाईनं पदर डाव्याच बाजूनं दाबून धरला आहे. काढणाऱ्यानं आधी वारा ठरवला आणि मग माणसं. एका गोदामाच्या दारात बैल बसला आहे, त्याला वळसा घालून सगळे चालले आहेत, त्याला कोणी उठवत नाही. एक कारकून छत्रीखाली उभा राहून एकाला झापतो आहे. मी मंगळवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं, मुलगा म्हणाला, बाबा, गिऱ्हाईक उभं आहे. पण नावेतला माणूस काही मिळाला नाही. रंगाखाली रंगही दिसला नाही. बुधवारी संध्याकाळी मी मनात वाक्य जुळवायला लागलो, की मॅडम, लहानपणी डोळ्यांना पुष्कळ दिसतं.

गुरुवारी तुळशीराम आला. कळमन्याच्या बाजारात हमालांचा मुकादम. जन्मभर पोती उचलली, आता उचलणाऱ्यांवर ओरडतो. पोरीच्या पदवीच्या सर्टिफिकेटाला फ्रेम करायची होती त्याला, जाडजूड, सोनेरी, आमदाराच्या घरात शोभेल अशी. मी पट्ट्या काढून राहिलो तर हा आपला हात मागे बांधून बंदरासमोर उभा. मग म्हणाला, काढणारा भल्ला हुशार दिसते. का, तर ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याची मान बरोबर पुढे आहे आणि टाच बरोबर उचललेली आहे, आणि रिकामा परत येणारा मान वर करून चालतो. त्यातला एक नवशिका आहे, तो पोतं कमरेवर घेतो, त्याची पाठ दोन वर्षांत जाणार. मी चार दिवस पाहत होतो, मला हे काही दिसलं नव्हतं.

मग त्याच्या कपाळाला आठी पडली. तो वाकला, बोटानं हवेतल्या हवेत एक रेघ ओढली.

"काहून गा," तो म्हणाला, "हे सारे भरल्या पोत्यानं खाली येऊन राहिले. ही फळी पन खाली टाकली हाये. अन् खाली त काहीच नाही. मंग माल जाते कुठं? पान्यात टाकते का हे लोकं?"

मी बघितलं. खरंच की. सात हमाल भरल्या पाठीनं खालच्या कडेकडे चालले होते, तीन रिकामे वर जात होते, आणि ज्या फळीवरून ते जात-येत होते ती सरळ सोनेरी पट्टीत घुसत होती. तुळशीराम म्हणाला, इथे नाव असायलाच पाहिजे, नाही तर हा बाजार चालणार नाही. सर्टिफिकेटचं माप देऊन तो गेला. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि चित्र उपडं केलं.

मागचा खाकी कागद फाडला, पुठ्ठा काढला. कापड ज्या लाकडी चौकटीवर ताणलेलं असतं, तिच्या दोन्ही उभ्या काठ्या खालून कापलेल्या होत्या. खालचं पाच इंच कापड मागे दुमडून चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवलेलं होतं. काप वेडावाकडा होता. काठीवर पेन्सिलीनं एक बाण होता आणि बाणाच्या शेजारी आकडा. माझा सात. माझ्या साताला शेपटी असते, बाबा त्यावरून मला रोज बोलायचे.

बाबा रामटेकला लग्नाला गेले होते तो आठवडा मला आठवला. एक गृहस्थ गृहप्रवेशासाठी घाईत मोठं चित्र घेऊन आले होते. सोनेरी पट्टीचा दुकानात एकच नग शिल्लक. मी दोन उभ्या पट्ट्या कापल्या आणि मग कळलं की बाहेरचं माप धरलं. नवी पट्टी मुंबईहून यायला पंधरा दिवस, बाबा यायला दोन. मी आतल्या काठ्या कापल्या, नदी मागे दुमडली, खाकी कागद लावला आणि गृहस्थ खूश होऊन घेऊन गेले. ते मॅडमचे दादा, निखिलचा मामा. त्यांना काही कळलं नाही. फ्रेम चमकत होती ना. तेवीस वर्षांचा होतो मी. बाबांना कधी सांगितलं नाही.

चुका एकेक करून काढल्या. कापड उलगडताना कडकड आवाज झाला आणि घडीच्या रेघेवर रंगाचा पापुद्रा उडाला, डावीकडून उजवीकडे, पूर्ण चार फूट. तो आवाज माझ्या छातीत झाला म्हणा. पण खालची पाच इंच पट्टी! तिला इतकी वर्षं ना उजेड लागला होता ना स्वयंपाकाचा धूर. वरची सगळी नदी चहाची आणि खालची हिरवी, ओली. फळीच्या टोकाशी नाव होती, अर्धी भरलेली. आणि नावेच्या टोकावर, सगळ्या कामाकडे पाठ करून, पाय पाण्यात सोडून एक माणूस बसला होता. चेहरा बोराएवढा, पण मजेत दिसत होता बेटा.

शनिवारपर्यंत मला झोप धड लागली नाही. करता येण्यासारखं सोपं होतं. कुणा तरी अनाडी फ्रेमवाल्यानं दुमडलं होतं, मी उलगडलं, असं म्हणायचं. खोटंही नव्हतं ते फारसं. नागपुरात अनाडी फ्रेमवाल्यांना तोटा नाही. वर बाबांच्या दुकानाचं नाव राहतं आणि मॅडमचं कामही होतं. मी तेच ठरवलं.

शनिवारी अकराला दोघं आली. चित्र मी भिंतीशी उभं करून ठेवलं होतं, फ्रेमशिवाय. मॅडम आत आल्या, चष्मा बदलला, आणि खाली बघून नुसत्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझं स्टूल ओढलं आणि बसल्या. निखिल चित्राच्या पार जवळ गेला, मागे गेला, परत जवळ आला. मला विचारलं, हे तुम्ही आत्ता रंगवलं तर नाही ना? मी त्याला मागच्या गंजलेल्या चुका दाखवल्या, घडी दाखवली. तो आईकडे वळला, त्याच्या तोंडून आई एवढंच निघालं.

मॅडम त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या मला म्हणाल्या, "दादानंच केलं असेल हो. नवीन घराची भिंत लहान होती त्याची. बाबांचं चित्र दुमडताना त्याले काही वाटलं नाही."

आता आली का पंचाईत. कुणा तरी अनाडी फ्रेमवाल्यावर ढकललं असतं तर दोष कोणा एकाला लागत नव्हता, पण त्यांनी नाव घेतलं ते गेलेल्या भावाचं, आणि तेही दुखून. मुलगा मागे काच कापत होता, तो ऐकणार हेही माहीत होतं.

"मॅडम, दादांचा दोष नाही," मी म्हणालो. "मी दुमडलं. माप चुकलं माझं, बाबांच्या भीतीनं नदी दुमडली. तुमच्या दादांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. ती भेग पण माझीच."

मागे काचेचा आवाज थांबला. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघतात तसं. मला वाटलं आता ऐकवतील, आणि ऐकवायलाच पाहिजे होतं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग एकदम निखिलला म्हणाल्या की बस इथे खाली. तो माझ्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर बसला.

"आता तू माझं ऐकशील, म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "नावेतला माणूस होता. पण गॅस मी खरंच विसरले होते. दोन्ही वेळा. शेजारीण खरं बोलली. तू म्हणशील डोकं गेलं, अन् मग माझं काहीच खरं धरणार नाहीस, म्हणून मी खोटं बोलले."

निखिलनं चेहरा दोन्ही हातांनी पुसला. नंतर त्यांचं बरंच बोलणं झालं आणि मी उगाच पट्ट्या नीट लावत राहिलो. थोडक्यात सांगायचं तर तिकिटं रद्द झाली. गॅस काढून आपोआप बंद होणारी विजेची शेगडी घ्यायची, शेजारणीकडे एक किल्ली द्यायची आणि तिची माफी मागायची, डॉक्टरकडे मात्र दर दोन महिन्यांनी जायचं, तिथे खोटं बोलायचं नाही, असं ठरलं. माफीच्या कलमावर मॅडमनी बरीच घासाघीस केली. पुढे काय होईल ते पुढे. ते जाणार नाही, वाढेलच, हे दोघांनाही कळत होतं, आणि मलाही.

भेग बुजवणारा एक जाणकार माणूस मला माहीत आहे, त्याच्याकडे माझ्या खर्चानं देतो, असं मी म्हणालो. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, तुमची सही आहे ती. फ्रेम मात्र नवीन करा आणि माप मुलाला घेऊ द्या. मुलगा मागून मोठ्यानं हसला. महिनाभर त्यानं मला ते ऐकवलं.

निघताना निखिल चित्रापुढे थांबला. म्हणाला, आई, मी हे जन्मभर पाहिलं आणि एकदाही बघितलं नाही, तू सांग ना. मॅडम स्टुलावर परत बसल्या, तो पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर. त्यांनी माझी फूटपट्टी हातात घेतली आणि सुरू झाल्या, आधी धूर बघ, वारा कोणत्या बाजूचा ते सांग, मग निशाणं बघ. पाणी उतरतं आहे की चढतं आहे ते घाटाच्या ओल्या पायऱ्यांवरून ओळख. फूटपट्टी हळूहळू खाली आली, भेग ओलांडून हिरव्या पाण्यात उतरली.

"आणि ही नाव वाहून काहून जात नाही, तर हिला इकडून दोरी आहे, आणि दोरीच्या टोकाला पाण्यात तो... तो..."

शब्द आला नाही. फूटपट्टी तिथेच थांबली. निखिलनं तोंड उघडलं, मला दिसलं की शब्द त्याच्या ओठांवर आहे. त्यानं तोंड मिटलं. हात मांडीवर ठेवून तो चित्राकडे बघत बसला, जणू त्याला कुठे जायचं नव्हतं. मीही पट्टी खाली ठेवली. बोळातून एक स्कूटर हॉर्न देत गेली.

"नांगर," मॅडम म्हणाल्या, आणि पुढचं सांगू लागल्या.